उत्पादन नियंत्रणाचे गणितीय प्रतिरूप

कारखान्यातील यंत्रे, कामे, वेळ व खर्च यांचे परस्परसंबंध चिन्हे व समीकरणे यांद्वारे दर्शविणाऱ्या वर्णनास उत्पादन नियंत्रणाचे गणितीय प्रतिरूप म्हणतात. त्याचे तीन घटक असतात : ज्यांविषयी निर्णय घ्यावयाचा ती चले, यंत्रांच्या व वेळेच्या मर्यादा दाखविणारे निर्बंध आणि कमाल किंवा किमान करावयाची राशी, म्हणजे उद्दिष्ट फलन. निर्बंध पाळून उद्दिष्ट फलनाचे सर्वांत अनुकूल मूल्य काढणे यास इष्टतमीकरण म्हणतात. या शास्त्राचा पाया एल्. व्ही. कँटोरोव्हिच (१९३९) व जी. बी. डँट्झिग (१९४७) यांच्या कार्याने घातला गेला.

सिन्नर (जि. नासिक) येथील जुना विडी व्यवसाय हातकामाचा होता. मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत व माळेगावचे औद्योगिक क्षेत्र यांमुळे तेथे यंत्रावर चालणारे उद्योग आले. अशा वसाहतींतील लहान कारखान्यात एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांची कामे येतात व त्यांचा क्रम ठरविणे हा रोजचा प्रश्न असतो.

उदाहरणार्थ, प्रत्येक काम प्रथम लेथवर व नंतर शाणन यंत्रावर (ग्राइंडरवर) करावयाचे आहे. क या कामास अनुक्रमे ५ व २, ख यास १ व ६ आणि ग यास ४ व ४ तास लागतात असे मानू. कामे क, ख, ग या क्रमाने घेतल्यास सर्व संपण्यास १७ तास लागतात. एस्. एम्. जॉन्सन यांनी १९५४ मध्ये दिलेला नियम असा : सर्वांत कमी वेळ पहिल्या यंत्रावरील असेल, तर ते काम शक्य तितके आधी व दुसऱ्या यंत्रावरील असेल, तर शक्य तितके शेवटी ठेवावे, उरलेल्या कामांना पुन्हा हाच नियम लावावा. त्यावरून ख, ग, क हा क्रम मिळतो व १३ तास पुरतात. नवे यंत्र न घेता ४ तास वाचतात.

मात्र या क्रमात क हे काम सर्वांत शेवटी, १३ व्या तासास मिळते. ते ९ तासांत देण्याचे ठरले असेल, तर तो निर्बंध प्रतिरूपात घालावा लागतो. मग ख, क, ग हा क्रम इष्टतम ठरतो व एकूण १४ तास लागतात. दिलेला शब्द पाळण्याची किंमत येथे १ तास आहे, हे गणित दाखविते. ती द्यावी की नाही, हे मात्र चालकानेच ठरवावे लागते.

यंत्रे तीन किंवा अधिक असल्यास सर्व प्रसंगी लागू पडणारी अशी सोपी रीत ज्ञात नाही. दहा कामांचेच ३६,२८,८०० क्रम संभवतात. म्हणून मोठ्या प्रश्नांत संगणकाच्या साहाय्याने पुरेसा चांगला क्रम शोधतात.

प्रत्यक्षात हत्यार झिजते, वीज जाते, कच्चा माल उशिरा येतो. त्यामुळे प्रत्यक्ष लागलेला वेळ मोजून गृहीत वेळेशी ताडतात व क्रम पुन्हा ठरवितात. या प्रत्याभरणामुळेच प्रतिरूप हे कागदावरील हिशेब न राहता नियंत्रणाचे साधन बनते. मूळ वेळा चुकीच्या नोंदल्या असतील, तर अचूक गणितही चुकीचाच क्रम देते.