पुंगळीवरचं वंगण: काम झालं की निघालंच पाहिजे

अमेरिकेत बरेच नेमबाज आणि शिकारी झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकत नाहीत. नवा प्राइमर (दारू पेटवणारी तळाची टोपी), दारू आणि गोळी बसवून ती पुन्हा वापरतात. बार उडताना फुगलेल्या पुंगळीला मूळ मापात आणायचं तर ती पोलादी साच्यात दाबावी लागते. खांद्यापाशी निमुळती होणारी रायफलीची पुंगळी वंगणाशिवाय दाबली, तर ती साच्यात अशी रुतून बसते की ओढून निघत नाही. म्हणून वंगण हवंच. गैरसमज सुरू होतात ते हे वंगण काढण्याच्या टप्प्यावर.

सर्वांत धोक्याचा समज हा: थोडं तेल राहिलं तर बरंच, पुंगळी चेंबरमधून, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या खोबणीतून, सहज निघेल. वस्तुस्थिती उलटी आहे. बार उडतो त्या क्षणी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागे रेटणाऱ्या जोराचा काही भाग त्या पकडीत जिरतो. पुंगळी तेलकट असेल तर ही पकड सुटते आणि चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टवर जास्त भार येतो. ‘काही बंदुकांत काडतुसांना मुद्दाम तेल लावत’ असा दाखला यावर दिला जातो. तो खराच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या ब्रेडा 30 मशिनगनमध्ये तेल सोडणारी सोय होती, कारण तिची रचनाच तशी होती. पण उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्याच तेलावर धूळ आणि वाळू चिकटून ती गन अडकू लागली. आपल्या रायफलीला हा न्याय लावू नये.

दुसरा समज चकाकीचा. पुंगळी चमकते म्हणजे ती स्वच्छ, असं नाही. कोरड्या अंगठ्याने चोळून पाहा. ओशट लागली तर काम बाकी आहे. मानेच्या आतही बघा, कारण तिथल्या वंगणाला दारूचे कण चिकटतात आणि तेल प्राइमरपर्यंत पोचलं तर बार फुसका जाऊ शकतो. डागाळलेली पण कोरडी पुंगळी मला चकचकीत ओशट पुंगळीपेक्षा केव्हाही चालेल.

वंगण लॅनोलिनचं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या स्निग्ध पदार्थाचं असेल, तर ते नुसत्या पाण्याने निघत नाही. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, किंवा अल्कोहोलने ओलसर केलेलं फडकं लागतं. टंबलरमध्ये, म्हणजे पुंगळ्या घुसळणाऱ्या यंत्रात, मक्याच्या कणसाच्या भरड्याबरोबर फिरवूनही ते निघतं. मात्र प्राइमरच्या बाजूच्या बारीक भोकात दाणा अडकला नाही ना, ते एकेक पुंगळी उजेडात धरून पाहावं. धुतलेली पुंगळी आतून पूर्ण वाळू द्यावी.

पाण्यात लिंबूसत्व घालतात ते डाग काढायला, आणि तेही चिमूटभर. आपल्याकडे चिंचेत फार वेळ राहिलेलं पितळेचं भांडं गुलाबी दिसू लागतं, तेच इथे होतं: आम्लाने पृष्ठभागावरचं जस्त खाल्लं जातं आणि तांबं उघडं पडतं.

‘कुठलंही पितळ पॉलिश चालेल’ हा समज मात्र महागात पडतो. काडतुसाच्या पितळात साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं, आणि घडवताना त्यात ताण साठून राहतो. अशा पितळाला अमोनिया लागला की त्याला तडे जातात. हे कळलं ते आपल्याच भूमीवरच्या अनुभवातून. ब्रिटिशांच्या काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं न झाडताच तडकलेली सापडत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि धातूतला ताण यांचा तो परिणाम होता. त्याचं शास्त्रीय स्पष्टीकरण 1921 मध्ये आलं. म्हणून डबीवर अमोनिया लिहिलेलं पॉलिश पुंगळीला लावू नका.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. नेहमीच्या प्राइमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि त्याची काजळी टंबलरच्या धुळीत उतरते. झाकण घराबाहेर उघडा, स्वयंपाकघरातली चाळणी वापरू नका, मुलांना लांब ठेवा आणि हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका.