साप्पोरोची पहिली वारी : दिवसा बर्फ, रात्री सुसुकिनो

बर्फ पाहायला जाणे वेगळे आणि बर्फावर खेळायला जाणे वेगळे. मनालीला किंवा स्वित्झर्लंडला गेलेला पर्यटक भाड्याचा कोट आणि गमबूट चढवून तासभर बर्फाचे गोळे फेकतो, छायाचित्रे काढतो आणि गरम चहाच्या शोधात परततो. स्नोबोर्डिंग शिकण्यासाठी आठवडाभराची रजा टाकून परदेशी निघालेल्याला मात्र रोज पाच-सहा तास उणे तापमानात काढायचे असतात आणि त्यातील बराचसा वेळ पडण्यात आणि पडून उठण्यात जाणार असतो. हा खेळ तसा तरुण आहे. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून एक खेळणे तयार केले, तेथून त्याची सुरुवात मानली जाते. ऑलिम्पिकमध्ये त्याला स्थान मिळाले ते १९९८ साली, जपानमधील नागानो येथे.

पहिल्या वारीसाठी जपानच्याच उत्तरेकडील होक्काइदो बेटाचे, त्यातही साप्पोरो शहराचे नाव सुचवण्यामागे साधे कारण आहे. युरोपातील बहुतेक स्की-गावांत संध्याकाळ झाली की दोन-चार बार आणि हॉटेलची लॉबी याखेरीज काही उरत नाही. साप्पोरो हे एकोणीस लाखांहून अधिक वस्तीचे महानगर आहे, त्याच्या हद्दीतच स्कीचे डोंगर आहेत, आणि शहराच्या मध्यभागी सुसुकिनो नावाचा, टोकियोच्या उत्तरेकडील सर्वांत मोठा समजला जाणारा रात्रजीवनाचा भाग आहे. घसरण्याची हौस नसलेला मित्र किंवा जोडीदार बरोबर असेल, तर त्याचा दिवसही येथे वाया जात नाही.

इतका बर्फ येतो कोठून?

याचे उत्तर सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला चटकन कळावे. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येणारे वारे घाटमाथ्याला अडतात आणि महाबळेश्वर, आंबोलीला धो धो पाऊस पडतो. हिवाळ्यात सैबेरियावरून निघालेले अतिशीत, कोरडे वारे तुलनेने उबदार असलेल्या जपानच्या समुद्रावरून वाहतात, बाष्प शोषून घेतात आणि होक्काइदोच्या पश्चिमेकडील डोंगरांवर आदळून ते बर्फाच्या रूपाने रिकामे करतात. खुद्द साप्पोरो शहरात हिवाळाभरात सरासरी पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो, आणि डोंगरांवर त्याहून कितीतरी अधिक. थंडीमुळे हा बर्फ भुसभुशीत, पिठासारखा राहतो. जगभरचे स्नोबोर्डर येथे धाव घेतात ते याच पिठासाठी. नवशिक्यालाही त्याचा एक फायदा आहे : युरोपातील कडक, गोठलेल्या उतारावर आपटण्यापेक्षा येथे आपटणे जरा कमी लागते. रोज अनेक माणसांच्या घसरण्याने दाबला गेलेला मार्ग मात्र येथेही टणकच असतो.

निसेको की तेइने?

होक्काइदोचे नाव काढले की निसेको हे नाव ओघाने येते. निसेको अन्नुपुरी या १३०८ मीटर उंचीच्या पर्वताच्या उतारांवर ग्रँड हिराफू, हानाझोनो, निसेको व्हिलेज आणि अन्नुपुरी अशी चार केंद्रे असून समोर फुजी पर्वताची आठवण करून देणारा योतेई हा ज्वालामुखी उभा आहे. ऑस्ट्रेलियन पर्यटकांनी हे ठिकाण जगाच्या नकाशावर आणले. परिणामी येथे इंग्रजी सर्रास चालते, प्रशिक्षक मुबलक मिळतात, आणि दरही आंतरराष्ट्रीय आहेत. भर हंगामात चारही केंद्रांवर चालणारा एका दिवसाचा लिफ्टचा पास दहा हजार येनांच्या वर गेला आहे. जागेचे भाडे आणि जेवण यांचे आकडे त्याहून अधिक बोचतात.

पहिल्यांदा फळीवर उभे राहणाऱ्याने निसेकोला सहा दिवस राहणे हा पैशांचा अपव्यय आहे, असे स्पष्टच सांगायला हवे. पहिले दोन-तीन दिवस त्याचा सारा संसार शंभर-दोनशे मीटरच्या एका सौम्य उतारावर चालतो. ज्या उंच उतारांसाठी आणि झाडीतील अस्पर्श बर्फासाठी तो पास घेतला, तेथे पोचण्याची त्याची कुवत नसते आणि पोचल्यास सुखरूप परत येण्याची खात्रीही नसते.

याउलट साप्पोरो तेइने हे केंद्र शहरातच आहे. साप्पोरो स्थानकावरून लोकलने पंधरा मिनिटांच्या आतबाहेर तेइने स्थानक गाठायचे आणि तेथून बसने डोंगरावर जायचे. १०२३ मीटर उंचीच्या या डोंगरावर १९७२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमधील स्लॅलम व जायंट स्लॅलम या शर्यती झाल्या होत्या. पुरुषांच्या स्लॅलममध्ये फ्रान्सिस्को फर्नांदेझ ओचोआ याने स्पेनला हिवाळी ऑलिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले, ते येथेच. डोंगराचा खालचा, ऑलिंपिया हा भाग सौम्य आहे आणि नवशिक्यांसाठी तोच योग्य. वरच्या हायलँड भागातून इशिकारीचा उपसागर दिसतो, पण तेथील उतारही तितकेच उभे आहेत. याखेरीज शहरालगतचे छोटे बांकेई संध्याकाळी दिव्यांच्या प्रकाशातही चालते. बर्फाच्या दर्जासाठी नावाजलेले साप्पोरो कोकुसाई बसने तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. कोकुसाईच्या वाटेवर जोझांकेई ही गरम पाण्याच्या झऱ्यांची वस्ती लागते. ठणकणाऱ्या अंगाला त्या पाण्याइतका उतारा नाही. मात्र तेथे स्त्री-पुरुषांच्या स्वतंत्र कुंडांत विवस्त्र उतरण्याची रीत आहे, पोहण्याचे कपडे चालत नाहीत आणि गोंदण असल्यास अनेक ठिकाणी प्रवेश मिळत नाही, हे संकोची मंडळींनी आधीच जाणून असावे.

म्हणून मुक्काम साप्पोरोत ठेवावा, पहिले चार दिवस तेइनेला जाऊन-येऊन करावेत, आणि वळणे जमू लागली तरच निसेकोला एक-दोन दिवसांची फेरी मारावी, हा क्रम खिशाला आणि हाडांना दोन्हींना मानवतो. शहरालगतच्या केंद्रांवर इंग्रजीतून शिकवणारा प्रशिक्षक आयत्या वेळी मिळेलच असे नाही, त्यामुळे ती नोंदणी विमानाच्या तिकिटाबरोबरच उरकावी. मित्राकडून शिकण्याचा मोह टाळावा. मित्राला येते म्हणजे त्याला शिकवता येते असे नाही, आणि त्याचा दिवसही फुकट जातो.

पडण्याचे शास्त्र

स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात. तोल गेला की पाय टाकून सावरता येत नाही, म्हणून माणूस सहजप्रवृत्तीने हात पुढे टाकतो आणि मनगट मोडून घेतो. नवशिक्या स्नोबोर्डरांच्या दुखापतींत मनगटाचे हाड मोडणे ही नित्याची बाब आहे. पडताना मुठी मिटून हात छातीशी घ्यावेत, पुढे पडल्यास कोपरापुढच्या हातांवर आणि मागे पडल्यास बैठकीवर भार घ्यावा, हा पहिल्या तासाचा धडा. मनगटाचे संरक्षक पट्टे आणि आत घालायची गादीची चड्डी यांना हसणारे दुसऱ्या दिवशी हसत नाहीत.

दुसरा धोका अधिक गंभीर. फळी उताराला आडवी असताना तिची नेहमी वरची, डोंगराकडील कड बर्फात रोवलेली हवी. खालची कड चुकून बर्फात अडकली, तर माणूस क्षणात दरीच्या बाजूला फेकला जातो. तोंड डोंगराकडे असेल तर तो पाठीवर, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागावर आपटतो. हे अगदी सौम्य उतारावर, अगदी कमी वेगातही घडते. म्हणून हेल्मेट हे वेगाने जाणाऱ्यांसाठी असते आणि शिकणाऱ्यांना त्याची गरज नाही, हा समज घातक आहे.

फळी, बूट, जाकीट, विजार आणि हेल्मेट भाड्याने मिळतात. हातमोजे, गॉगल आणि मोजे स्वतःचे न्यावेत. जपानमध्ये बुटाचे माप सेंटिमीटरमध्ये सांगतात. घरून निघण्यापूर्वी भिंतीला टाच टेकवून पाऊल मोजले की दुकानातील अर्धा तास वाचतो. डावा पाय पुढे की उजवा, हेही तेथे विचारले जाते. आतून सुती बनियन घालू नये. घामाने भिजलेले सूत वाळत नाही आणि अंग गारठते. लोकरीचा वा कृत्रिम धाग्याचा कपडाच उपयोगी.

मार्गाच्या कडेला बांधलेली दोरी ओलांडणे हा आणखी एक मोह. पलीकडे अस्पर्श बर्फ खुणावत असतो, पण तेथे हिमकडे कोसळण्याचा धोका असतो, आणि झाडांच्या बुंध्याभोवतीच्या पोकळ बर्फात डोके खाली होऊन गाडले जाण्याचाही. निसेकोत हद्दीबाहेर जाण्यासाठी ठरावीक दरवाजे आहेत. हिमकड्यांच्या स्थितीची माहिती रोज सकाळी जाहीर होते आणि धोका असल्यास ते दरवाजे बंद ठेवले जातात. दोरी ओलांडून अडकलेल्याच्या शोधाचा खर्च त्याच्याकडूनच वसूल केला जातो.

हे सारे लक्षात घेता प्रवासविम्याची प्रत घरीच नीट वाचावी. अनेक साध्या विमा योजनांत साहसी वा हिवाळी खेळांतील दुखापती वगळलेल्या असतात. स्नोबोर्डिंगचा स्पष्ट उल्लेख असलेले वाढीव संरक्षण घ्यावे आणि हद्दीबाहेरील अपघात त्यात येतात का, हे लेखी विचारावे.

रात्रीचा हिशेब

जपानचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. साप्पोरोत रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा मुंबईहून नुकत्याच आलेल्या शरीराच्या लेखी साडेसातच झालेले असतात. सुसुकिनोतील दिव्यांचा झगमगाट, चौकातील निक्का व्हिस्कीची प्रचंड पाटी, इमारतींच्या मजल्यामजल्यावर रचलेले बार, झोपेचा पत्ता नाही. पण लिफ्ट गाठण्यासाठी सकाळी सहा-साडेसहाला उठायचे असते आणि तेव्हा तेच शरीर पहाटेचे तीन समजत असते. पहिल्या वारीतील बहुतेक बेत फसतात ते येथे. झोप अपुरी, शरीरात पाणी कमी आणि प्रतिक्रिया मंद, अशा अवस्थेत वर सांगितलेली खालची कड हमखास अडकते. मद्याने ऊब येते हाही भासच; त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीरातील उष्णता उलट वेगाने बाहेर पडते.

यावर उपाय म्हणजे रात्री वाटून घेणे. पहिल्या तीन रात्री जेवून लवकर झोपावे. अंग इतके दुखत असते की ते फारसे जड जात नाही. चौथा किंवा पाचवा दिवस फळीला सुट्टी द्यावी आणि सुसुकिनोची रात्र त्याच्या आदल्या दिवशी ठेवावी. ठरावीक रकमेत दीड-दोन तास हवे तेवढे पेय देणारी ‘नोमिहोदाई’ ही पद्धत स्वस्त वाटते, पण ती या रात्रीसाठीच राखावी. मद्यपानासाठी किमान वय वीस वर्षे आहे. बसताच न मागता पुढे येणाऱ्या छोट्या पदार्थाचे पैसे बिलात लागतात, अनेक बार बसण्याचा वेगळा आकार घेतात. तो नियमच आहे, फसवणूक नव्हे. रस्त्यावर गाठून ‘चला, स्वस्तात’ म्हणणाऱ्याच्या मागे मात्र जाऊ नये. फसवणुकीची बिले निघतात ती अशाच ठिकाणी. भुयारी रेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास थांबते. म्हणून हॉटेल सुसुकिनो किंवा ओदोरी येथून चालत जाता येईल असे निवडावे. साप्पोरो स्थानक, ओदोरी आणि सुसुकिनो जोडणारे भुयारी पादचारी मार्ग आहेत. वरचे पदपथ काचेसारखे गोठलेले असतात, इतके की चौकाचौकांत पसरण्यासाठी वाळू ठेवलेली असते. डोंगरावर धडधाकट राहिलेला माणूस बारमधून परतताना पदपथावर पडला, तर त्याचे दुःख अधिक.

खाण्याची चंगळ आहे ती मांसाहारींची. मिसो रामेन हा साप्पोरोचा मानबिंदू, आणि शेगडीवर भाजलेले मेंढीचे मांस, ‘जिंगिसुकान’, हा होक्काइदोचा. सोबत १८७६ साली येथेच सुरू झालेल्या कारखान्याची परंपरा सांगणारी साप्पोरो बिअर असते. शाकाहारींची मात्र पंचाईत होते. भाज्यांच्या पदार्थातही माशाचा अर्क असतो. साप्पोरोतच जन्मलेली ‘सूप करी’ हा पातळ, मसालेदार, भाताबरोबर खाण्याचा प्रकार मराठी जिभेला जवळचा वाटतो, पण तिचे पाणीही बहुधा कोंबडीच्या हाडांचे असते. थेपले आणि मेतकूट नेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

केव्हा आणि कसे?

जानेवारीत साप्पोरोचे सरासरी तापमान उणे तीनच्या आसपास असते आणि दुपारी साडेचारच्या सुमारास अंधारू लागते. बर्फ सर्वोत्तम, पण दरही सर्वाधिक. १९५० साली शालेय विद्यार्थ्यांनी ओदोरी उद्यानात केलेल्या सहा बर्फाच्या पुतळ्यांतून सुरू झालेला हिमोत्सव फेब्रुवारीच्या पूर्वार्धात भरतो. तो पाहण्याजोगा आहे, पण त्या काळात खोल्या मिळणे कठीण. नवशिक्यासाठी मार्चचा पहिला पंधरवडा सर्वांत सोयीचा : गर्दी कमी, दिवस मोठा, थंडी सुसह्य. शिकणाऱ्याला पिठासारख्या बर्फाचा तसाही फारसा उपयोग नसतो.

मुंबईहून साप्पोरोला थेट विमान नाही. टोकियो, बँकॉक किंवा सोल अशा ठिकाणी विमान बदलून न्यू चितोसे विमानतळावर उतरावे लागते आणि तेथून रेल्वेने चाळीस मिनिटांत शहर गाठता येते. बुलेट ट्रेन २०१६ पासून होक्काइदोत हाकोदातेजवळपर्यंत धावते, साप्पोरोपर्यंत अद्याप पोचलेली नाही. भारतीयांना आगाऊ व्हिसा लागतो. चारचाकी भाड्याने घेऊन गोठलेल्या रस्त्यावर प्रथमच गाडी चालवण्याचा प्रयोग करू नये.

ज्यांना इतका खर्च करण्यापूर्वी हा खेळ आपल्याला रुचतो की नाही हे पाहायचे असेल, त्यांनी आदल्या हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औलीच्या प्राथमिक उतारावर चार दिवस काढावेत. जपानमधील पहिले दोन दिवस त्यामुळे वाचतात.

परतीच्या प्रवासात एक दिवस हाताशी ठेवावा. हिमवादळाने न्यू चितोसेची उड्डाणे रद्द होतात, प्रवासी विमानतळावरच रात्र काढतात, आणि टोकियोहून मुंबईचे विमान स्वतंत्र तिकिटावर असेल तर ते कोणासाठी थांबत नाही. साप्पोरो आदल्या दिवशीच सोडून शेवटची रात्र टोकियोत काढणे हे त्यातल्या त्यात निर्धोक.