कोंबडं झाकलं तरी

आठवडी बाजारात डालग्यातल्या कोंबड्यांकडे जरा निरखून पाहिलं, तर एखादी वेगळी दिसते. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले, शेपटीखाली हिरवट शीट चिकटलेली. भाव थोडा पाडून मागितला की विकणारा फारशी घासाघीस न करता देऊन टाकतो. का दिली, ते घेणाऱ्याच्या खुराड्यात आठवड्याभरात कळतं.

परसातल्या कोंबड्यांबद्दलचे गैरसमज दोन्हीकडे आहेत, पाळणाऱ्यांचे आणि खाणाऱ्यांचेही. त्यातून होणारं नुकसान मात्र एकाच घरात जाऊन पडतं. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कुक्कुट पक्षी मोजले गेले आणि त्यातले जवळपास ३२ कोटी परसातले होते. म्हणजे दहा-वीस कोंबड्यांची घरं. तिथला हिशेब बहुतेक बायकांच्या हातात असतो. अंड्यांचे पैसे तेल-मीठ, वही-पेन आणि दवाखान्याला जातात.

पाळणाऱ्यांचा सगळ्यात जुना समज असा, की गावरान कोंबडी काटक, तिला रोग लागत नाही. अर्धं खरं आहे. उकिरडा उकरून ती पोट भरते, पिल्लं स्वतः वाढवते, घारीची सावली दिसली की झुडपात शिरते. पण मानमोडीपुढे हा काटकपणा चालत नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत. इंग्लंडात न्यूकॅसलला १९२६ मध्ये जो विषाणूजन्य रोग ओळखला गेला, तोच पुढे कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला सापडला आणि आपल्याकडे त्या गावाचं नाव घेऊन बसला. हिरवी हगवण, धाप, मग मान पिळवटणं, पंख-पाय लुळे पडणं. लस नसलेल्या खुराड्यात तो शिरला की थोड्याच दिवसांत बहुतेक पक्षी जातात. विषाणूवर औषध नाही. हळद, लसूण, कांद्याचं पाणी किंवा मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिकची पुडी, यांतलं काहीही मानमोडी बरी करत नाही.

लस मात्र आहे, आणि महागही नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, महिन्याच्या आसपास पुन्हा एकदा, आणि आठ आठवडे उलटल्यावर आर-टू-बीचं इंजेक्शन. मधल्या काळात गंबोरोची आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास देवीची. मग लोक देत का नाहीत? आळस हे उत्तर सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. खरी अडचण कुपीत आहे. लासोटाची कुपी शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त पक्ष्यांच्या हिशेबाने येते. एकदा द्रावण कालवलं की तासा-दोन तासांत संपवावं लागतं. उरलेलं उद्यासाठी ठेवलं तर ते लस राहत नाही, नुसतं पाणी होतं. ज्या बाईकडे अकरा कोंबड्या आहेत तिने शंभरांची कुपी का फोडावी?

याचं उत्तर वस्तीवर सापडतं. पंधरा घरांनी एक दिवस ठरवायचा, कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात कोंडल्या की पशुधन पर्यवेक्षकाला बोलवायचं, एकीने धरायच्या, दुसरीने थेंब टाकायचा. कुपी तालुक्याहून बर्फाच्या थर्मासमधून यायला हवी, कारण दोन ते आठ अंशांच्या बाहेर तिचा जीव जातो. लस पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं क्लोरीनचं पाणी वापरायचं नाही, क्लोरीन लस मारून टाकतं. घरात जंतुनाशकाने धुतलेल्या भांड्याचाही तोच परिणाम. मी पाहिलेल्या फसलेल्या लसीकरणांमध्ये लस खराब होती असं क्वचितच निघालं. ती कुणाच्या तरी शर्टाच्या खिशात ऊन खात आली होती.

‘लस दिली आणि कोंबड्या मेल्या’ ही तक्रारही सगळीकडे ऐकू येते. शेजारच्या घरी मर सुरू झाल्यावर घाईने लस दिली, तर रोग आधीच अंगात शिरलेल्या कोंबड्या मरणारच. लसीला संरक्षण उभं करायला काही दिवस लागतात. शिवाय आर-टू-बी जरा कडक लस आहे, ती कोवळ्या पिल्लांना द्यायची नसते. दोष लसीला लागतो आणि पुढची दोन वर्षं त्या वस्तीवर कुणी तिचं नाव काढत नाही.

माझी आत्या वर्षानुवर्षं कोंबड्या पाळते. तिचा एक नियम मला लहानपणी विक्षिप्त वाटायचा. बाजारातून आणलेली कोंबडी ती गोठ्याच्या पलीकडे, वेगळ्या डालीखाली ठेवायची. दाणा-पाणी वेगळं, आणि तिला खाऊ घालायचं ते सगळ्यात शेवटी, आपल्या कोंबड्यांचं आटपून. दोन-तीन आठवडे हा सोहळा. पशुवैद्यक हेच विलगीकरण सांगतात. रोग उडत येतो ही समजूत मोडायला हवी. तो बहुधा चालत येतो. व्यापाऱ्याच्या क्रेटवरून, खताच्या पोत्यावरून, चपलेच्या तळव्याला चिकटलेल्या शिटीतून येतो. बदकं आणि कोंबड्या एकाच डबक्यावर पाणी पीत असतील तर त्याला आणखी एक वाट मिळते, कारण पाणपक्ष्यांच्या अंगात बर्ड फ्लूचा विषाणू काही न दाखवता राहू शकतो.

आता बर्ड फ्लूकडे वळू, कारण इथे भीती आणि बेफिकिरी दोन्ही चुकीच्या जागी बसल्या आहेत.

भारतात हा रोग पहिल्यांदा निदर्शनास आला तो आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. पुढे जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला, त्यानंतर पुन्हा नवापूरला, आणि २०२५ च्या सुरुवातीला उरण तालुक्यातल्या चिरनेरला. दर वेळी शहरांत एकच झालं: चिकनची दुकानं ओस पडली. एच५एन१ हा विषाणू ७० अंश सेल्सिअसला मरतो. आपल्या रश्शाला उकळी फुटते तेव्हा तापमान त्याच्या बरंच पुढे गेलेलं असतं. आतपर्यंत शिजलेलं मांस आणि घट्ट झालेल्या बलकाचं अंडं खाण्यात धोका नाही. धोका आहे तो आजारी किंवा मेलेली कोंबडी हाताळण्यात, सोलण्यात, तिची पिसं काढण्यात. माणसाला लागण होणं दुर्मीळ असलं तरी ती होते आणि जीवघेणी ठरू शकते. जुलै २०२१ मध्ये दिल्लीत एका अकरा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. म्हणजे ज्याची भीती वाटायला हवी ते काम, मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलून ओढ्यात फेकण्याचं, लोक बिनधास्त करतात आणि शिजवलेल्या ताटासमोर हात आखडतात.

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर रोगाचीही गरज पडली नाही. कोंबडीमुळे करोना होतो, असे संदेश मोबाइलवर फिरले. त्याला काहीही आधार नव्हता, पशुसंवर्धन विभागाने तसं सांगितलंही. तोवर भाव इतके कोसळले होते की कित्येकांनी पक्षी फुकट वाटले, पिल्लं जिवंत पुरली.

रोग लपवण्याची सवय या भीतीतूनच पक्की झाली आहे. ‘कळवलं तर सरकारी माणसं येऊन सगळ्या मारतील.’ हा समज पूर्ण खोटा म्हणता येणार नाही. बर्ड फ्लूचं निदान झालं तर साधारण एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. पण मानमोडी की बर्ड फ्लू हे नुसत्या डोळ्यांनी कुणालाच सांगता येत नाही. नमुना पुण्यात औंधच्या प्रयोगशाळेत आणि तिथून खात्रीसाठी भोपाळला जातो तेव्हा कळतं. आणि नुकसानभरपाई मिळते ती सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. चार दिवस झाकून ठेवणाऱ्याच्या कोंबड्याही जातात आणि भरपाईही. मर सुरू झाली की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवणं, मेलेले पक्षी चुना टाकून खोल पुरणं आणि उरलेल्यांपैकी एकही बाजारात न नेणं, हे स्वतःच्या हिशेबाने पाहिलं तरी स्वस्त पडतं.

खाणाऱ्यांच्या बाजूला सगळ्यात हट्टी गैरसमज हार्मोनचा. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो म्हणजे इंजेक्शन देतात, असं चांगली शिकलेली माणसंही सांगतात. वाढीचं हार्मोन हे प्रथिन आहे. खाद्यातून दिलं तर पोटात पचून जाईल, आणि हजारो पक्ष्यांना पुन्हा पुन्हा टोचत बसणं कुणाला परवडणार? वाढ आहे ती निवड पद्धतीच्या पैदाशीची. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ सालचे वाण एकच खाद्य देऊन शेजारी शेजारी वाढवले गेले. ५६ दिवसांनी पहिला सुमारे ९०० ग्रॅमचा, दुसरा १,८०० ग्रॅमचा आणि तिसरा ४,२०० ग्रॅमचा भरला. अँटिबायोटिकचा प्रश्न मात्र खरा आहे, तो हार्मोनच्या गप्पांत हरवू नये. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध जनावरांच्या खाद्यात चालत होतं. २०१९ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली.

दुसरा समज टरफलाच्या रंगाचा. तपकिरी म्हणजे गावरान, पांढरं म्हणजे फार्मचं. रंग जातीवर ठरतो, पोषणावर नाही. पिंजऱ्यातल्या संकरित कोंबड्याही तपकिरी अंडी देतात आणि ती ‘गावरान’ म्हणून दुप्पट भावाने खपतात. बलक गडद असणं ही खाद्याची करामत. हिरवा पाला, मका किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क पोटात गेला की तो नारिंगी होतो. आणि कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं. कडकनाथच्या नावावर तर शेतकरीच फसले. सांगली भागात २०१९ मध्ये गाजलेल्या प्रकरणात पिल्लं आम्ही देऊ, अंडी-पक्षी चढ्या भावाने आम्हीच घेऊ, या बोलीवर लोकांनी पैसे गुंतवले आणि खरेदी थांबली. काळ्या मांसात चमत्कार आहे ही समजूत नसती, तर तो भाव कुणाला खरा वाटला असता?

गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, त्यातही खुडूक होऊन बसते तेव्हा बंद. वनराज किंवा गिरिराजसारख्या सुधारित जाती त्याच्या दुपटीहून जास्त देतात. तेव्हा बारा महिने, हवी तितकी ‘गावरान’ अंडी पुरवणाऱ्या दुकानाबद्दल शंका घ्यावी, आणि श्रावण सरल्यावर ‘आज नाहीत’ म्हणणाऱ्या बाईवर भरवसा ठेवावा. तिचं अंडं लहान असेल, एकसारखं नसेल, भावही जास्त असेल. त्या जास्तीत मुंगसाने नेलेली तलंग आणि लसीच्या कुपीतला तिचा वाटा धरलेला असतो.

मागच्या दिवाळीत आत्याकडून डझनभर अंडी घेताना मी गमतीने विचारलं, “गावरानच ना गं?”

“मागं जाऊन बघ की कोंबड्या,” ती म्हणाली, “पण चपला इथं काढ. बाजारातून आलायस.”