कळत नाही, आवडत नाही आणि वाईट आहे



आज बचत, कर्ज, हप्ता यांतलं काही बोलायचं नाही. आज बोलायचं आहे आवडीनिवडीबद्दल, आणि तीही गाण्याच्या. विषय तुम्हाला रिकामपणचा वाटेल. पण बारामती तालुक्यातल्या गटांच्या बैठकांना फिरताना एक तक्रार मला पुन्हा पुन्हा ऐकू येते. “पोरगा कॉलेजला जायला लागला, अन् कानात वायरी घालून कसला गोंगाट ऐकत बसतो कुणास ठाऊक. हाक मारली तरी ओ देत नाही.” मुलांना विचारावं तर ती म्हणतात, “आईला यातलं काही कळत नाही.” दोघंही आपापल्या जागी ठाम. मग जेवताना होणारं बोलणंसुद्धा ‘वाढू का’ आणि ‘नको’ एवढ्यावर येतं.

भांडण गाण्यावरून दिसतं, पण गोंधळ शब्दांचा असतो. ‘मला कळत नाही’, ‘मला आवडत नाही’ आणि ‘हे वाईट आहे’ ही तीन वेगवेगळी वाक्यं आहेत. आपण मात्र तिन्हींच्या जागी एकच वापरतो, आणि बहुतेक वेळा तिसरंच. ही तीन वाक्यं वेगळी कशी ठेवायची, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी जिभेचं बघू. साखर आवडायला कुणाला शिकवावं लागत नाही. तान्ह्या बाळालाही गोड आवडतं. कारल्याचं तसं नाही. लहान मूल कारल्याचा घास तोंडातून बाहेर काढतं, आणि तेच मूल मोठेपणी कारल्याची भाजी मागून घेतं. कारळ्याची चटणी, हुलग्याचं माडगं यांचंही तेच. मुलांच्या आहारावर काम करणारे सांगतात, की नवी भाजी मुलाने एकदा नाकारली म्हणून सोडून देऊ नका. जबरदस्ती न करता आठ-दहा वेळा थोडी थोडी चाखायला द्या. म्हणजे काही आवडी जन्मासोबत येतात आणि काही लोणच्यासारख्या मुरत घालाव्या लागतात. अशा आवडीला आपण ‘मुरलेली आवड’ म्हणू.

कानाचंही असंच आहे. आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे: कान तयार होणं. रॉबर्ट झायोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये एक निबंध लिहिला. लोकांना अर्थ नसलेले शब्द आणि अनोळखी अक्षरं दाखवून त्याने पाहिलं, की जी गोष्ट जास्त वेळा समोर येते ती माणसाला हळूहळू बरी वाटू लागते. नुसत्या ओळखीनेही आवड वाढते. २०१६ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो होता दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात राहणाऱ्या त्सिमाने लोकांबद्दल. पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांना एकत्र वाजणारे काही स्वर गोड लागतात आणि काही कर्कश लागतात. त्सिमाने लोकांना दोन्ही सारखेच बरे वाटले. म्हणजे कानाला काय गोड लागतं, यातलाही बराच भाग शिकलेला असतो. तो आपण कधी शिकलो हे आपल्याला आठवत नाही, इतकंच.

आपला स्वतःचा दाखला घ्या. “शास्त्रीय गाणं आम्हाला झेपत नाही, ते आऽऽऽ करत बसतात,” असं आपण म्हणतो. पण पंडित भीमसेन जोशींचे अभंग आपल्यापैकी कुणाला नको असतात? आषाढात तुकोबांची पालखी उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी असं करत इंदापूरकडे जाते, तेव्हा वाटेवर किती ठिकाणी ते अभंग लागलेले असतात. त्या अभंगांत आलाप आहेत, ताना आहेत, राग आहेत. ख्यालात जे आहे त्यातलं बरंचसं तिथेही आहे. शब्द ओळखीचे होते, विठ्ठल ओळखीचा होता, म्हणून ताना खटकल्या नाहीत. आपला कान तयार झाला आणि आपल्याला पत्ताही लागला नाही. याच भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तिथे तासन्‌तास बसणारे श्रोतेही आईच्या पोटातून राग शिकून आलेले नव्हते.

आता मुलांच्या त्या गोंगाटाकडे येऊ. अशाच एका मुलाला मी नाव विचारलं, तर तो म्हणाला, “प्रोग्रेसिव्ह रॉक.” रॉक म्हणजे गिटार आणि ड्रमचं दणदणीत पाश्चात्त्य गाणं. साधारण तीन-चार मिनिटांचं, पुन्हा पुन्हा येणारं धृपद असलेलं. १९६० नंतरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही तरुणांना हा साचा अपुरा वाटू लागला. त्यांनी गाणं लांबवलं. मध्येच लय बदलायची, मध्येच अगदी शांत व्हायचं, बासरी, ऑर्गन, व्हायोलिन आणायचं, एखादी मोठी गोष्ट सांगायची, असं सुरू केलं. किंग क्रिमसन या बँडचा पहिला अल्बम १९६९ चा. येस या बँडचं ‘क्लोज टू द एज’ हे १९७२ चं गाणं सुमारे अठरा मिनिटांचं आहे, तबकडीची एक पूर्ण बाजू त्यातच जाते. जेथ्रो टल या बँडने त्याच वर्षी तबकडीच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच गाणं केलं. या बँडचा गायक एका पायावर उभा राहून बासरी वाजवतो. ते पाहून आपल्याला कोण आठवेल, हे सांगायला नको.

हे गाणं पहिल्यांदा ऐकताना गोंगाट का वाटतं? कारण कान सतत पुढचा अंदाज बांधत असतो. भजनात आपल्याला माहीत असतं, की आता धृपद येणार, आता टाळ वाढणार. अंदाज खरा ठरला की बरं वाटतं. प्रत्येक वेळी तो खरा ठरला तर कंटाळा येतो, आणि एकदाही खरा ठरला नाही तर डोकं दुखतं. मजा या दोन्हींच्या मधे कुठेतरी असते. पण ती मधली जागा प्रत्येकीची वेगळी असते, आणि ऐकण्याची सवय वाढेल तशी ती सरकते. प्रोग्रेसिव्ह रॉक मुद्दाम अंदाज चुकवतं. ज्याने ते दहा वेळा ऐकलं त्याला त्या चुकवण्याचीच गंमत येते. पहिल्यांदा ऐकणारीला वाटतं, यांचं काही ठरलेलंच नाही.

एका बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आम्ही एक प्रयोग केला. पिंक फ्लॉइड या बँडचं १९७३ मधलं ‘मनी’ हे गाणं मोबाईलवर लावलं. मनी म्हणजे पैसा. गाण्याची सुरुवातच नाणी खुळखुळण्याच्या आणि दुकानातल्या गल्ल्याच्या आवाजाने होते, त्यामुळे बचत गटात ते शोभून दिसलं. पैशाच्या हावेची त्यात टिंगल केली आहे, हे मी आधी सांगितलं. मग भजनी मंडळात टाळ धरणाऱ्या एका मावशींना म्हटलं, “शब्द सोडा, नुसत्या मात्रा मोजा.” दोनदा त्यांचं मोजणं विस्कटलं. तिसऱ्यांदा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, हे आठाचं नाही. साताचं आहे.” खरंच सात आहेत. आपल्या भजनी ठेक्याच्या आठ मात्रा, आणि आपल्या रूपक तालाच्या सात. रूपकाचे बोल त्या गाण्यावर जसेच्या तसे बसणार नाहीत, पण मोजणी साताचीच. पुढे गिटार एकटी वाजू लागते तेव्हा ते गाणं चारच्या लयीत जातं आणि नंतर पुन्हा सातावर येतं. मावशींनी तेही पकडलं.

गाणं संपल्यावर मी विचारलं, “आवडलं का?” निम्म्या जणी नाही म्हणाल्या. त्यांतली एक म्हणाली, “आवडलं नाही, पण आता गोंगाट वाटत नाही.” मला हवं होतं ते हेच वाक्य. ‘कळत नाही’ गेलं, ‘आवडत नाही’ राहिलं, आणि ‘वाईट आहे’ म्हणायची गरजच उरली नाही. तिने घरी जाऊन मुलाला विचारलं, “तुझ्या त्या पैशाच्या गाण्याच्या मात्रा किती, सांग बरं.” त्याने कधी मोजल्याच नव्हत्या. त्या दिवशी ‘आईला कळत नाही’ हे वाक्य त्या घरात चाललं नाही.

अनोळखी गाण्याकडे जायला मध्ये एखादा ओळखीचा पूल लागतो. ‘कट्यार काळजात घुसली’ हा २०१५ चा चित्रपट तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिला असेल. दोन घराण्यांच्या गायकीच्या चुरशीची ती गोष्ट, मूळ नाटक १९६७ चं. त्यात पंडितजी झालेले शंकर महादेवन ‘शक्ती’ नावाच्या गटातही गायले आहेत. इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन आणि आपल्या मुंबईचे तबलावादक झाकीर हुसेन यांनी तो गट १९७० नंतरच्या दशकात उभा केला. शक्तीच्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमला २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. शक्तीचं गाणं म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक नव्हे, पण त्याच्या शेजारचं घर समजा. आधी कट्यार, मग शक्ती, मग पुढचं, असं पायरी पायरीने गेलं की कान दचकत नाही.

आता दुसरी बाजू. कान तयार झाला म्हणजे सगळं आवडलंच पाहिजे, असं नाही. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या चाहत्यांमध्येही एकमत नसतं. जेनेसिस या बँडमधून पीटर गॅब्रिएल हा गायक १९७५ मध्ये बाहेर पडला. त्याच्या वेळचं गाणं खरं की नंतरचं, यावर चाहते आजही वाद घालतात. रश या बँडच्या गायकाचा चढा आवाज काहींना फार आवडतो, काहींना मुळीच सोसत नाही. सगळं ऐकून, समजून झाल्यावर जे उरतं ती आपली स्वतःची आवड. तिचं कारण द्यावं लागत नाही. मेथीचे लाडू समजले तरी कुणाला नको असतात, तर नको.

आणि मुरलेल्या आवडीचा एक दोषही मुलांना सांगायला हवा. कष्टाने मिळवलेल्या आवडीचा माज चढतो. जे अवघड तेच भारी, साधं गाणं ऐकणारे अडाणी, असं वाटू लागतं. लांब आणि अवघड असणं हा काही गुण नाही. इंग्लंडमध्येच १९७६-७७ च्या सुमारास पंक नावाचं छोटं, सरळ, रागीट गाणं पुढे आलं. ते गाणाऱ्यांना या लांबलचक गाण्यांचा थाट नकोसा झाला होता. जात्यावरची ओवी तर दोन-चार ओळींची असते. तिला कुणी कमी म्हणेल का?

मैत्रिणींनो, मुलांच्या आवडीबद्दल इतकं बोलले, पण मला खरी काळजी आपल्या आवडीची आहे. बैठकीत मी विचारते, “तुम्हाला स्वतःला कोणतं गाणं आवडतं?” तर उत्तर येतं, “घरात जे लागेल ते.” टीव्हीचा रिमोट एकाकडे, मोबाईल दुसऱ्याकडे, आणि आपला कान सगळ्यांच्या उरल्यासुरल्यावर तयार झालेला. काही आवडी तर बोलूनही दाखवायच्या नसतात. लावणीचंच बघा. घरंदाज बाईने लावणी ऐकू नये, असं किती वर्षं मानलं गेलं. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. बैठकीची लावणी म्हणजे बसल्या जागी, सावकाश, नुसत्या चेहऱ्याने आणि हाताने अर्थ उलगडत नेणारी कला. तीही एकदा ऐकून पुरत नाही, मुरावी लागते. आज पुण्यात खास महिलांसाठी लावणीचे कार्यक्रम होतात आणि बायका शिट्ट्या वाजवतात. लावणीत नवं काही आलं नाही. बायकांना ‘मला आवडतं’ म्हणायला जागा मिळाली.

ज्या बाईला गाण्याबद्दल ‘मला हे आवडतं’ म्हणायची सवय नाही, तिला साडीच्या रंगाबद्दल, शिक्षणाबद्दल, स्वतःच्या नावावरच्या पैशाबद्दल ते म्हणणं एकदम कसं जमेल? सवय छोट्या गोष्टीपासून लागते.

आपल्या लोणी भापकरला मल्लिकार्जुनाच्या देवळाजवळ, पुष्करणीच्या परिसरात यज्ञवराहाची दगडी मूर्ती आहे. लांबून अभ्यासक ती पाहायला येतात. आपण रोज तिथून जातो आणि रोज बघतोच असं नाही. कुणीतरी थांबवून “हे कोरीव काम बघ” म्हणालं की दिसू लागतं. गाण्यातही असं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी घरातलंच पोर असू शकतं, आणि पोरासाठी ते तुम्ही असू शकता.

म्हणून या आठवड्यात एवढंच करा. मुलाला किंवा मुलीला म्हणा, तुझं एक गाणं मला ऐकव, आणि आधी दोन वाक्यांत सांग की यात काय ऐकायचं. वायर काढून, आवाज बेताचा ठेवून ऐका. पहिल्यांदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा मात्रा मोजा, तिसऱ्यांदा एकाच वाद्याच्या मागे जा. दोन-चार दिवसांनी पुन्हा लावा. त्यानंतर आवडलं नाही तर खुशाल तसं सांगा. मग तुमचं एक गाणं त्याला ऐकवा, त्याच अटीवर. आणि दिवसातली पंधरा मिनिटं, भाकरी थापताना का होईना, तुमच्या पसंतीचं गाणं लावा. कोणतं लावायचं ते घरात कुणाला विचारू नका.

पुढच्या बैठकीत हजेरी झाली की मी प्रत्येकीला तिचं गाणं विचारणार आहे. ‘घरात जे लागेल ते’ हे उत्तर त्या दिवशी चालणार नाही.