टॅब तापतोय, चार्जिंग चढत नाही, स्क्रीन आपोआप नाचतेय? दुकानाची पायरी चढण्याआधी हे तपासा

चाकण : एप्रिल-मे म्हणजे जेईई, नीट आणि सीईटीचे दिवस. नेमक्या याच दिवसांत टॅब रुसतो. दुपारी लेक्चर चालू असताना स्क्रीन अंधारते, "तापमान जास्त आहे" असा मेसेज येतो आणि चार्जर लावला तरी टक्के वाढायचं नाव घेत नाहीत. महाज्योतीच्या योजनेतून मिळालेला टॅब असो की हप्त्यावर घेतलेला, घरात एकच असतो. त्यावर पोरांचा अभ्यास, सातबारा आणि कांद्याचे बाजारभाव बघणं, सगळंच चालतं. तो बंद पडला की घराची पंचाईत होते.

दुकानात नेला की बऱ्याचदा पहिलं उत्तर मिळतं, "बॅटरी गेली" किंवा "डिस्प्ले गेला". काही वेळा ते खरं असतं. पण अनेक वेळा दोष टॅबमध्ये नसून चार्जर, केबल, घरातली लाइट किंवा डोक्यावरचा पत्रा यांच्यात असतो. तो घरच्या घरी कसा ओळखायचा ते पाहू. आणि एक दोष असा आहे की ज्यात घरी काहीच करायचं नसतं, तोही शेवटी सांगतो.

आधी समजून घ्या : टॅब तापतो कशाने?

टॅबला पंखा नसतो. आतली चिप, बॅटरी आणि स्क्रीन यांची उष्णता मागच्या पाठीतून हवेत जाते. ॲपल, सॅमसंगसारख्या कंपन्या सांगतात की टॅब ० ते ३५ अंश तापमानात वापरावा. आता आपल्याकडचं बघा. महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, निघोजे या पट्ट्यात हजारो कामगार पत्र्याच्या खोल्यांत राहतात. बाहेर ३८-४० अंश असताना पत्र्याखाली त्याहून जास्त असतं. म्हणजे टॅब चालू करण्याआधीच मर्यादा ओलांडलेली असते.

अशा वेळी टॅब स्वतःला वाचवतो. आधी स्क्रीनचा उजेड कमी करतो, मग चिपचा वेग कमी करतो म्हणजे टॅब अडखळायला लागतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी बंद होतो. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करणं धोक्याचं असतं, म्हणून ही सोय केलेली असते. त्यामुळे दुपारी स्क्रीन अंधारली आणि संध्याकाळी गार झाल्यावर नीट दिसली, तर डिस्प्ले गेलेला नाही. खर्च करू नका.

काय करायचं :

१. कव्हर काढा. गादीवर, गोधडीवर ठेवू नका. फरशीवर किंवा स्टीलच्या ताटावर तिरका उभा करा, मागून हवा लागू द्या.

२. चार्जिंगला लावून व्हिडिओ बघू नका. दोन्हीकडून उष्णता होते. सकाळी चार्ज करा, दुपारी वापरा.

३. रेंज कमी असेल तर टॅब टॉवरशी बोलायला जास्त ताकद लावतो आणि तापतो. भामा आसखेड, भीमाशंकरच्या बाजूला डोंगरात हे हमखास होतं. लेक्चर रात्री किंवा पहाटे डाउनलोड करून ठेवा आणि दिवसा फ्लाइट मोडवर बघा. फरक लगेच दिसेल.

४. व्हिडिओ ४८० पिक्सेलवर ठेवा. फळ्यावरचं गणित तेवढ्यात वाचता येतं.

५. गाडीच्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर टॅब ठेवू नका.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. तापलेला टॅब फ्रीजमध्ये किंवा ओल्या फडक्यात ठेवू नका. गार तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा टॅबला आतून फुटतो आणि सर्किट खराब होतं. बंद करून सावलीत, पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवला की पुरे.

चार्जिंग चढत नाही : साधा हिशोब

टॅबची बॅटरी मोबाइलपेक्षा मोठी असते. समजा ७००० एमएएचची आहे. बॅटरीचा दाब साधारण ३.८५ व्होल्ट धरला तर तिच्यात सुमारे २७ वॉट-तास वीज मावते.

जुन्या मोबाइलचा चार्जर ५ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे ५ वॉटचा असतो. त्यावर हा टॅब भरायला सहा-सात तास लागतात. त्यात स्क्रीन चालू असेल तर येणारी वीज तिथंच खर्च होते आणि टक्के हलतच नाहीत. ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॉटच्या चार्जरवर हेच काम साडेतीन तासांच्या आसपास होतं. कॉम्प्युटरच्या जुन्या यूएसबीला लावलात तर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॉट मिळतात. म्हणून चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. "आउटपुट" या शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट.

चार्जर बरोबर असूनही चढत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. आधी केबल, मग चार्जर, मग सॉकेट. तिन्ही एकदम बदलले तर दोष कुठं होता ते कळत नाही. बहुतेक वेळा केबल सापडते. पातळ, स्वस्त केबलमध्ये वीज वाटेतच गळते आणि केबल गरम लागते.

तरीही नाही? मग चार्जिंगचं भोक बघा. कंपन्यांच्या रस्त्यांवरची धूळ आणि पिशवीतला कापूस तिथं दाबून बसतो. टॅब बंद करा आणि लाकडी टूथपिकने हलक्या हाताने मळ काढा. सुई, टाचणी घालू नका. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो.

पावसाळ्यात "पोर्टमध्ये ओलावा" असा इशारा आला तर टॅब भोक खाली करून तीन-चार तास वाऱ्यावर ठेवा. इंद्रायणी तांदळाच्या डब्यात पुरायची गरज नाही. तांदळाचं पीठ भोकात गेलं तर नवीनच दुखणं होतं.

महिनोन्महिने ट्रंकेत ठेवलेला टॅब चालू होत नसेल तर घाबरू नका. बॅटरी तळाला गेली की स्क्रीनवर चिन्ह यायलाही वेळ लागतो. चांगल्या चार्जरवर तासभर तसाच राहू द्या. पुन्हा ठेवायचा असेल तर अर्धी बॅटरी भरून ठेवा.

३० टक्के असताना अचानक बंद पडतो

हे बॅटरी थकल्याचं लक्षण आहे. साधारण ५०० ते १००० वेळा पूर्ण भरून-उतरली की तिची ताकद मूळच्या ८० टक्क्यांवर येते. काम वाढलं की दाब एकदम खाली जातो आणि टॅब बंद होतो. एकदा पूर्ण उतरवून, मग सलग १०० टक्के भरून बघा. टक्क्यांचा हिशोब चुकला असेल तर दुरुस्त होतो. तरीही तसंच होत असेल तर बॅटरी बदलावी लागेल. नव्या टॅबसाठी सल्ला एवढाच की रोज २० ते ८० टक्क्यांत ठेवा. काही टॅबमध्ये ८० किंवा ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय सेटिंगमध्येच असते.

गुरुवारची लाइट आणि डीपीचा खेळ

गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी आणि महावितरणचं देखभालीचं काम. लाइट जाणार हे भोसरी-चाकणकडं कुणाला सांगायला नको. बुधवारी रात्रीच टॅब भरून ठेवा.

वाडीवस्तीवर लोकांना वाटतं, लाइट डिम असली की चार्जर जळतो. तसं नाही. चार्जरवर "इनपुट १००-२४० व्होल्ट" लिहिलेलं असतं, म्हणजे १७० व्होल्टवरही तो काम करतो. धोका उलट बाजूने आहे. लाइट परत येताना झटका येतो, आणि डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. खूण सोपी आहे. काही बल्ब एकदम लख्ख आणि शेजारचे मंद. असं दिसलं की मेन स्विच बंद करा आणि १९१२ वर महावितरणला कळवा. डीपीला स्वतः हात लावू नका. रोजची सवय म्हणाल तर, लाइट गेली की चार्जर काढा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा.

स्क्रीन आपोआप नाचते, बोट न लावता ॲप उघडतात

याला काही जण "भूत टच" म्हणतात. भूतबीत काही नाही. टॅबची काच बोटातल्या सूक्ष्म विजेवर चालते. हलका चार्जर असेल किंवा सॉकेटला आर्थिंग नसेल तर चार्जरमधली खरखर काचेपर्यंत पोचते आणि काचेला वाटतं बोट लागलं. काही स्वस्त इन्व्हर्टरवरही असं होतं. धातूच्या पाठीच्या टॅबला हात लावल्यावर मुंग्या येतात त्याचंही कारण हेच असतं.

परीक्षा एका मिनिटाची आहे. चार्जर काढा. नाचणं थांबलं तर दोष चार्जरचा किंवा आर्थिंगचा, स्क्रीनचा नाही. थांबलं नाही तर स्क्रीनगार्ड काढा आणि काच कोरड्या मऊ कापडाने पुसा. घामाचा ओला हात असला तरी टच चुकतो. तरीही चालूच असेल तेव्हाच दुकानात जा.

स्क्रीनच्या बाकी तक्रारी :

स्क्रीन पिवळी दिसते – बहुतेक वेळा रात्रीचा "डोळ्यांचा आराम" मोड चालू असतो. सेटिंगमधून बंद करा.

स्क्रीन लुकलुकते – उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करून बघा. फक्त एकाच ॲपमध्ये होत असेल तर दोष त्या ॲपचा.

आवाज येतो पण स्क्रीन काळी – टॅब अडकलाय. अँड्रॉइडमध्ये बंद-चालूचं बटन आणि आवाज कमी करायचं बटन एकत्र पंधरा सेकंद दाबून धरा. होम बटन नसलेल्या आयपॅडमध्ये वरच्या बटनाजवळचं आवाजाचं बटन दाबून सोडा, मग दुसरं दाबून सोडा, आणि नंतर वरचं बटन सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवा. यात डेटा जात नाही.

"फॅक्टरी रीसेट" मात्र कुणाच्या सांगण्यावरून करू नका. त्यात नोट्स, फोटो सगळं जातं. योजनेतल्या टॅबवर अभ्यासाचं ॲप दिलेलं असेल तर आधी संबंधित कार्यालयाला विचारा. वॉरंटी असेल तर बाहेर टॅब उघडायला लावू नका, बिल जपून ठेवा.

हे दिसलं तर एक मिनिटही थांबू नका

टॅबची पाठ फुगली आहे, काच एका बाजूने वर आली आहे, टेबलावर ठेवला की टॅब भोवऱ्यासारखा फिरतो, किंवा स्क्रीनवर एकाच जागी पांढरा-पिवळा डाग वाढतोय. याचा अर्थ बॅटरी फुगली असू शकते. आत गॅस झालाय आणि तो काचेला ढकलतोय. ही गोष्ट कुठल्याही कंपनीच्या बाबतीत होऊ शकते. २०१६ साली सॅमसंगलाही बॅटरी पेटत असल्याने गॅलॅक्सी नोट ७ हा फोन जगभरातून परत मागवावा लागला होता.

अशा टॅबला चार्जर लावू नका. दाबून बसवू नका, टोचू नका. शक्य असेल तर बंद करा आणि गॅस सिलिंडर, कपडे, गादीपासून लांब, फरशीवर किंवा वाळूत ठेवा. मग कंपनीच्या अधिकृत सेंटरला न्या. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, चुलीत तर नाहीच. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. धूर निघाला तर हात लावू नका, जमलं तर मेन स्विच बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा. दहा बाय दहाच्या खोलीत चौघं झोपतात आणि उशाशी टॅब चार्जिंगला असतो. ही सवय आजच मोडा.

चार्जर घेताना

चार्जर आणि पॉवर बँकेवर बीआयएसची खूण आणि "आर" अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नंबर असायला हवा. तो "बीआयएस केअर" ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. नाव जुळलं नाही तर चार्जर घेऊ नका. बिल मागा. दुकानदार बदलून देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

थोडक्यात, आधी गार करा, मग केबल-चार्जर बदलून बघा, मग चार्जर काढून टच तपासा. एवढं केलं की निम्म्या तक्रारींचं कारण घरीच कळू शकतं. आणि पाठ फुगलेली दिसली तर मात्र यातलं काहीच करत बसू नका, टॅब बाजूला ठेवा. पोरांचा एक दिवसाचा अभ्यास बुडला तरी तो भरून काढता येतो.