निरोप हातोहात, बॅटरी शाबूत
अकोल्याकडच्या वावरात जमिनीतली ओल मोजणारा सेन्सर बॅटरीवर जगतो, आणि त्याची बॅटरी संपवतो तो मुख्यतः मोजणीचा निरोप पाठवणारा रेडिओ. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की पाव शक्ती पुरते. म्हणून मधल्या सेन्सरने निरोप पुढे दिला, तर दोघांचा मिळून प्रक्षेपणाचा खर्च निम्म्यावर येतो. कपाशी कमरेला लागली की लहरी पानांत अडतात. तेव्हा हा फायदा वाढतो. गोम एकच: मधल्याला ऐकायलाही वीज लागते. सतत कान देऊन बसला तर बचत बुडालीच! त्यामुळे सगळे झोपतात आणि ठरल्या वेळीच जागे होतात. मेळघाटात, २०१६च्या सुमारास ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलेल्या हरिसालकडे, डोंगरच आडवा येतो. तिथे मधला दुवा टेकडीवर हवा.