‘वांझ’ या शब्दाची परीक्षा

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमजवळ, तिरुक्करुगावूर हे गाव आहे. तेथील गर्भरक्षांबिकेच्या देवळात अपत्याची इच्छा धरून माणसे दूरदूरहून येतात. देवीपुढे ठेवलेले तूप ४८ दिवस घ्यावयाचे असते, आणि ते पती व पत्नी या दोघांनी घ्यावे असा प्रघात आहे. घरी परतल्यावर मात्र मूल का नाही, हा प्रश्न बहुधा एकट्या स्त्रीलाच ऐकावा लागतो. तमिळमध्ये तिला ‘मलडी’ म्हणतात, मराठीत ‘वांझ’. पुरुषाला उद्देशून असा शब्द आपल्या तोंडी सहसा येत नाही.

या ठरीव समजुतीचे मूळ उघड आहे. गर्भ स्त्रीच्या उदरात वाढतो, म्हणून उणीवही तेथेच दिसते. शिवाय पौरुष आणि प्रजननक्षमता या गोष्टी लोक एकच मानतात. वस्तुतः धडधाकट, कामजीवनात कोणतीही उणीव नसलेल्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतू फार थोडे असू शकतात, किंवा मुळीच नसतात. वयात आल्यानंतर झालेल्या गालगुंडांनी वृषणांस सूज येणे, वृषणांजवळच्या शिरा फुगणे, शुक्रवाहिनी बंद असणे, ही त्याची काही कारणे होत. अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील दोषाचा पूर्ण वा अंशतः वाटा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू दिसले ते १६७७ साली. समजूत तेथेच राहिली.

समजुतीचा पूर्वग्रह झाला की तो पुराव्यालाही जुमानीत नाही. पहिलीला मूल नाही म्हणून दुसरी केली, आणि तिलाही झाले नाही, तर तीही वांझच ठरे! मनुस्मृतीने अशा स्त्रीला आठव्या वर्षी डावलून दुसरी करण्यास मुभा दिली होती. द्विभार्याबंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९४६ साली व मद्रास प्रांतात १९४९ साली झाला. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही वाट हिंदूंपुरती बंद केली. परंतु डोहाळजेवणाच्या दिवशी ओटी भरण्यास कोणाला बोलवावयाचे नाही, हे घरातील वडीलधाऱ्या बायकाच ठरवितात. तेथे कायदा पोहोचत नाही.

दवाखान्यातही हा पक्षपात आढळतो. वीर्यतपासणी ही साऱ्या तपासण्यांत सोपी व बिनवेदनेची. तरी स्त्रीच्या अनेक तपासण्या होईतो पुरुष ती टाळीत राहतो. दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करावी. पहिल्या नमुन्यात दोष दिसल्यास तपासणी पुन्हा करावी लागते. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात; तेव्हा उपचारांचा परिणाम पाहण्यास पुरुषालाही तितके थांबावे लागते.